धातूतील भोवरे आणि न दिसणारी चीर

उन्हाळ्याची चाहूल लागली की नागपुरात माठाची खरेदी सुरू होते. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या लाल-काळ्या माठांपुढे गिऱ्हाईक उकिडवे बसते, एक माठ तळहातावर तोलते आणि बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर भावाची घासाघीस सुरू होते. भद्द आला तर माठ मुकाट्याने खाली ठेवून दुसरा उचलला जातो. त्या माणसाने माठातली चीर डोळ्यांनी पाहिलेली नसते. त्याने माठाला एक प्रश्न विचारला, आणि उत्तर वेगळे आले एवढेच त्याला समजले.

आमच्या आजच्या विषयाचे सगळे मर्म या टिचकीत आहे. फरक इतकाच, की आम्हांला माठाऐवजी विमानाचा पत्रा किंवा वीजघरातील नळी तपासावयाची आहे, आणि चीर केसाहूनही बारीक असू शकते. असल्या चिरेने पत्र्याचा आवाज बदलत नाही. निदान आपल्या कानाला कळण्याइतका बदलत नाही. म्हणून बोटाच्या टिचकीऐवजी विजेची टिचकी मारावी लागते. कारखान्यांतील मंडळी या रीतीला ‘एडी करंट टेस्टिंग’ म्हणतात. एडी म्हणजे पाण्यातला भोवरा. कन्हानच्या किंवा वैनगंगेच्या पुरात पुलाच्या खांबाशी पाणी गरगर फिरताना आपण पाहतो, तशीच धातूच्या अंगात वीज गरगर फिरते. म्हणून आम्ही त्यांना भोवरे-प्रवाह म्हणू.

धातूत वीज फिरते आणि तीही तार न जोडता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण ज्यांच्या घरी जुना, काळ्या डबीचा वीजमीटर होता त्यांनी हे नवल वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्या मीटरच्या काचेआड अॅल्युमिनियमची एक पातळ चकती फिरत असे. कुलर लावला की ती भरधाव सुटे, आणि घरातील कर्ता पुरुष चिंतातुर होई. त्या चकतीला वीज नेणारी एकही तार नव्हती. भोवतालच्या विद्युतचुंबकांमुळे तिच्या अंगात भोवरे-प्रवाह उठत आणि ती फिरे. आणि ती बेफाम होऊ नये म्हणून जो कायमचा लोहचुंबक तिच्या काठाशी बसवलेला असे, तोही भोवऱ्यांकडूनच लगाम घालवून घेई. आता इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि चकती गेली. बिल मात्र राहिले.

व्याख्यानाच्या दिवशी आम्ही टेबलावर तांब्याच्या दोन नळ्या ठेवल्या होत्या, दोन्ही हातभर लांबीच्या. पहिलीतून साधा लोखंडी खिळा सोडला, तो सोडल्याबरोबर खाली पडला. मग तिच्यातूनच एक लहान पण जोरदार चुंबक सोडला. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरीही तो चुंबक मधात पडलेल्या मुंगीसारखा रेंगाळत, रेंगाळत खाली आला. कारण असे, की चुंबक सरकू लागला की त्याच्या आसपासचे चुंबकीय क्षेत्र बदलते. बदलते क्षेत्र धातूत वीज उठवते, हा फॅराडेचा १८३१ सालचा शोध. आणि अशी उठलेली वीज, ज्या बदलामुळे ती उठली त्या बदलालाच विरोध करते, हा लेंझने १८३४ साली सांगितलेला नियम. नगरपालिकेतील विरोधी पक्षाप्रमाणे ठराव कोणताही असो, तिचे मत विरोधात. नळीच्या भिंतीत गोल गोल फिरणारे हे प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करतात आणि पडणाऱ्या चुंबकाला झेलून धरतात.

फॅराडेच्या आधीच, १८२४ च्या सुमारास, फ्रान्समध्ये आरागो याने पाहिले होते की तांब्याच्या पत्र्यावर धरलेली होकायंत्राची सुई झोके घेता घेता लवकरच थांबते. का थांबते, हे त्याला उलगडले नाही. पुढे १८५५ साली फूको याने दाखवले की चुंबकाच्या तावडीत तांब्याची चकती बळेच फिरवली तर ती तापते. आज स्वयंपाकघरातली इंडक्शनची चूल पातेल्याच्या बुडाला तापवते ती मुख्यतः याच गुणावर.

आता दुसरी नळी. तिला आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत करवतीने उभी चीर पाडून आणली होती. बाकी माप तेच, तांबे तेच. चुंबक सोडला, आणि या खेपेस तो पहिल्यापेक्षा स्पष्टपणे लवकर खाली आला. नळीच्या भोवती गोल फिरू पाहणाऱ्या प्रवाहाच्या वाटेत चीर आडवी आली. त्याला माघारी वळून लहान लहान वळसे घ्यावे लागले, त्याचा जोर मोडला, आणि झेलण्याची ताकद कमी झाली. डोळे मिटून केवळ कानांनी दोन्ही वेळचे ‘टक्’ ऐकणाऱ्या माणसालाही कोणती नळी फाटकी ते सांगता आले असते. पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते या दोन नळ्यांचा विस्तार आहे.

तपासणीच्या यंत्रात पडणाऱ्या चुंबकाची जागा तारेचे एक बारीक वेटोळे घेते. पेन्सिलीएवढ्या दांडीच्या टोकाशी ते बसवलेले असते. या दांडीला प्रोब म्हणतात. वेटोळ्यात उलटसुलट वाहणारा, म्हणजे एसी, प्रवाह सोडतात. घरातील वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. येथे कामाप्रमाणे काही शेपासून काही लाख वेळा. वेटोळे धातूजवळ आणले की धातूच्या पृष्ठभागाखाली तशाच आकाराचे भोवरे उठतात, आणि ते वेटोळ्याच्या क्षेत्राला विरोध करू लागतात. त्यामुळे वेटोळ्यातून वीज वाहण्यास जो अडथळा होतो, तोच बदलतो. यंत्र मोजते ते हे. धातूत वाहणाऱ्या प्रवाहाला ते शिवतही नाही. आपल्याच वेटोळ्याची तब्येत कशी आहे एवढेच पाहते. भोवऱ्याच्या वाटेत चीर आली की विरोध ढिला पडतो, आणि यंत्राच्या पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका जागचा हलतो.

हा ठिपका केवळ कमी-जास्त होत नाही, तो दिशा धरून हलतो. आणि ही गोष्ट फार मोलाची आहे. वेटोळ्याच्या अडथळ्याचे दोन भाग असतात. एक तारेच्या रोधासारखा, जेथे वीज उष्णता होऊन वाया जाते; दुसरा चुंबकत्वाचा, जेथे ती क्षणभर साठून परत येते. एक भाग आडवा व दुसरा उभा मांडला म्हणजे प्रत्येक कारणाचा ठिपका आपापल्या वाटेने जातो. प्रोब धरणाऱ्याचा हात किंचित उचलला गेला तरी ठिपका हलतो, रंगाचा थर जाड असला तरी हलतो, चीर आली तरी हलतो. सगळ्यांची वाट एकच असती तर ही विद्या कुचकामी ठरली असती. तपासनीस आरंभी यंत्र असे जुळवून घेतो की हात उचलल्याचा ठिपका आडवा जावा. मग चिरेचा ठिपका उसळी मारून वर जातो. या दिशांचा पद्धतशीर अभ्यास करून गेल्या शतकात ही रीत कारखान्यांच्या कामाची केली ती जर्मनीतील फ्रीडरिश फर्स्टर यांनी; १९४८ साली रॉइटलिंगेन येथे त्यांनी यासाठी स्वतःची संस्थाच काढली.

त्याच्याही आधी, १८७९ साली, ह्यूज नावाच्या शास्त्रज्ञाने वेटोळ्यांच्या जोडीने नाणी पारखून दाखवली होती. एका बाजूस खरे नाणे, दुसऱ्या बाजूस संशयित. दोन्ही सारखी नसली तर यंत्राचा तोल ढळे आणि आवाज येई. इतवारीच्या सराफ्यात वावरणाऱ्या आमच्या श्रोत्यांना हे खास रुचले, म्हणून या वाटेने दोन पावले जास्त जातो. शुद्ध सोन्याच्या विटेत टंगस्टन भरून फसवण्याचा प्रकार जगात घडलेला आहे. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३, टंगस्टनचे १९.२५. म्हणजे आर्किमिडीजची पाण्यातली युक्ती येथे जवळजवळ हात टेकते. पण टंगस्टनची वीज वाहून नेण्याची शक्ती सोन्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि भोवऱ्याला ते लगेच कळते.

मात्र एक अट आहे. भोवरा त्या टंगस्टनपर्यंत पोचला पाहिजे. भोवरे-प्रवाह पृष्ठभागाशी दाट असतात आणि खोल जावे तसे विरळ होत जातात, कारण वरचा थर विरोध करून खालच्या थरापर्यंत क्षेत्र पोचूच देत नाही. प्रवाह जितक्या वेगाने उलटसुलट करावा तितका तो वरच्यावर राहतो. विमानाच्या पत्र्यासाठी वापरतात त्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत सेकंदाला एक लाख वेळा उलटणारा प्रवाह सुमारे ०.४ मिलिमीटर खोलीवर पृष्ठभागाच्या ३७ टक्के एवढाच उरतो. सेकंदाला एक हजार वेळा उलटणारा तितकाच उरण्यास सुमारे ४ मिलिमीटर जातो. तेव्हा सोन्याचा थर जाड असेल आणि पारखणाऱ्याने वरच्यावर फिरणारा भोवरा निवडला असेल, तर तो भोवरा सोन्याचीच साक्ष देईल. ती साक्ष खोटी नसेल. प्रश्नच वरवरचा विचारला गेला असेल. उलट, खोल जाणारा भोवरा पसरट असतो, त्याला बारीक चीर नीट जाणवत नाही. खोलीही हवी आणि बारकावाही हवा, असा दुहेरी लाभ निसर्गाने या कामात ठेवलेला नाही.

याच वाहकतेवरून धातूची आणखीही कुंडली मांडता येते. नरम तांब्याची वाहकता १०० मानावी असे १९१३ साली ठरले. त्या मापाने शुद्ध अॅल्युमिनियम सुमारे ६२, तांब्याचे सत्तर व जस्ताचे तीस भाग असलेले पितळ सुमारे २८, आणि स्टेनलेस स्टील जेमतेम दोन-तीन. आमच्या शेजारचे भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. तेथील कारागीर रंगावरून आणि नादावरून जे ओळखतो, ते येथे आकड्यात येते. अॅल्युमिनियमचे मजबूत मिश्रधातू तर आगीत होरपळले की दिसायला तसेच राहतात, पण त्यांचा कणखरपणा उतरतो आणि वाहकताही बदलते. म्हणून आग लागून गेलेल्या किंवा वीज पडलेल्या विमानाच्या पत्र्याची अशी परीक्षा घेतात. नागपुरात अमरावती रस्त्यावर वाडी येथे १९८९ पासून अॅल्युमिनियमच्या संशोधनाचे जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे केंद्र आहे. या धातूचे वेगवेगळे स्वभाव हा आपल्या शहराला अगदीच परका विषय नाही.

आता शहराच्या उत्तरेस कोराडीकडे वळू. तेथील वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्याला दुरून दिसतात, पण या केंद्रातील सर्वांत नाजूक भिंत कोणालाच दिसत नाही. चक्की फिरवून दमलेली वाफ कंडेन्सरमध्ये येते. तेथे हजारो नळ्यांतून थंड पाणी वाहत असते, आणि वाफ बाहेरून त्या नळ्यांना लागून तिचे पुन्हा पाणी होते. मोठ्या संचात अशा नळ्या दहा-पंधरा हजारही असतात, आणि नळीची भिंत असते जेमतेम मिलिमीटरभर. भिंतीच्या एका अंगाला अत्यंत शुद्ध केलेले बॉयलरचे पाणी, दुसऱ्या अंगाला थंड करण्याचे साधे पाणी. नागपूर शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वापरासाठी दिले जाते, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. योजना चांगली आहे, पण ते पाणी बॉयलरमध्ये जाण्यासाठी नव्हे. कंडेन्सरच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणून नळीला सुईएवढे भोक पडले तर शुद्ध पाणी बाहेर येत नाही. साधे पाणी आत ओढले जाते, त्यातील क्षार बॉयलरपर्यंत पोचतात आणि तेथल्या नळ्या कुरतडू लागतात.

असल्या नळ्यांची तपासणी जगभर भोवऱ्यांनीच करतात. संच बंद असताना नळीच्या पोटात बसेल असा गोल प्रोब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलतात आणि एका ठरावीक वेगाने मागे ओढतात. ओढताना पडद्यावर नळीची सगळी कहाणी उमटते. या प्रोबमध्ये बहुधा दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात आणि एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहतात, ह्यूजच्या नाण्यांसारखीच. खड्डा आला की आधी एका वेटोळ्याखाली येतो, मग दुसऱ्याखाली. पडद्यावर आठाच्या आकड्यासारखी आकृती निघते. ही युक्ती चलाख आहे, पण तिचा एक दोष ध्यानात ठेवावा लागतो. नळी जर सगळीकडून हळूहळू झिजली असेल, तर शेजारी शेजारी असलेली दोन्ही वेटोळी सारखीच झिजलेली भिंत पाहतात आणि ‘सर्व ठीक’ म्हणतात. दोघे शेजारी सारखेच कर्जबाजारी असले तर एकमेकांकडे पाहून दोघांनाही आपली स्थिती उत्तम वाटते, तसेच हे. म्हणून एकट्या वेटोळ्याचीही साक्ष वेगळी नोंदवतात.

आणि नोंदवलेला ठिपका कशाचा, हे कसे ठरवावयाचे? त्यासाठी त्याच धातूची, त्याच मापाची एक नमुन्याची नळी आधीच मुद्दाम खराब करून ठेवलेली असते. तिला एक आरपार भोक, आणि भिंतीच्या ८०, ६०, ४०, २० टक्के खोलीपर्यंत गेलेले खड्डे पाडलेले असतात. काम सुरू करण्यापूर्वी तपासनीस ही नळी यंत्राला दाखवतो. पत्र्याच्या तपासणीसाठीही असाच एक ठोकळा असतो, त्यात सामान्यतः ०.२, ०.५ आणि १ मिलिमीटर खोलीच्या खाचा. यंत्राला चीर म्हणजे काय ते ठाऊक नसते. ‘त्या खाचेसारखे काहीतरी येथेही आहे’ एवढेच ते सांगू शकते. खराब ठरलेली नळी काढीत बसत नाहीत. तिच्या दोन्ही टोकांना बूच मारून ती कामातून बाद करतात. हजारोंमध्ये थोड्या बाद झाल्या तर कंडेन्सर चालतो.

शहराच्या दक्षिणेस, मिहानमध्ये, बोइंग कंपनीने बांधून दिलेले विमानदुरुस्तीचे केंद्र २०१५ साली सुरू झाले आणि एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आले. मोठी विमाने तेथे तपासणीसाठी येतात. विमानाच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा असतात. या रिव्हेटांच्या भोकांच्या कडेला चिरा सुरू होतात, आणि त्या शोधण्याचे भोवरे-प्रवाह हे सर्वत्र मान्य झालेले साधन आहे. रंग खरवडावा लागत नाही, काही लावावे-पुसावे लागत नाही. परंतु ते साधन हाताशी असूनही काय घडू शकते, ते १९८८ साली हवाई बेटांवर घडले. ती हकीकत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

विमान आकाशात उंच जाते तेव्हा आतल्या माणसांसाठी हवा कोंडून ठेवावी लागते. उतरले की ती सोडतात. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग फुग्यासारखे किंचित फुगते आणि पुन्हा बसते. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवून तुटते; धातूलाही असा शीण चढतो. अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान या बेटावरून त्या बेटावर अशा लहान लहान खेपा १९ वर्षे करीत होते. त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती. २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूस जाताना, सुमारे २४,००० फुटांवर, त्याच्या पुढच्या भागाचे छत सुमारे १८ फूट लांब उपटून निघून गेले. ९५ माणसे विमानात होती. प्रवाशांना काय हवे-नको पाहत उभी असलेली एक परिचारिका त्या झोतात बाहेर फेकली गेली आणि तिचा शरीरही पुढे सापडले नाही. प्रवासी पट्टे बांधून बसले होते म्हणून वाचले. वैमानिकांनी सुमारे तेरा मिनिटांत ते उघडे विमान माऊई बेटावर उतरवले, ही गोष्ट आजही खरी वाटत नाही.

चौकशीत जे निघाले ते आमच्या विषयाशी थेट भिडते. पत्र्यांचे सांधे डिंकासारख्या द्रव्याने चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. खाऱ्या हवेत चिकटपणा सुटला, सगळा भार रिव्हेटांवर आला, आणि रांगेतील भोकाभोकांशी बारीक चिरा पडून एकमेकींना जाऊन मिळाल्या. भोवरे-प्रवाहांची रीत तेव्हा नवी नव्हती. सांधे तपासण्याचा सरकारी हुकूमही आदल्याच वर्षी निघाला होता, आणि त्यात या रीतीचा उल्लेख होता. पण तो हुकूम छतालगतच्या सांध्यापुरता होता. विमान फाटले ते त्याच्या खालच्या सांध्यापासून, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. शिवाय अशा तपासण्या बहुधा रात्री होतात, कारण दिवसा विमान उडत असते. माणूस मचाणावर चढून, दिव्याच्या उजेडात, एकामागून एक शेकडो रिव्हेट पाहतो. शंभरांत शंभर ठीक निघतात, आणि एकशेएकावा पाहताना डोळा मिटू लागतो. सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट ही, की विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ पत्र्यात चीर दिसली होती. तो कोणाशी बोलला नाही. तपासणारे तपासतात, आपण काय सांगावे, असे त्याला वाटले असल्यास त्याला दोष देण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. आम्हीही बहुधा गप्पच बसलो असतो.

आता या रीतीच्या मर्यादा थोडक्यात. वीज न वाहणाऱ्या वस्तूत भोवरा उठत नाही. लाकूड, काच, माठ यांपुढे हे यंत्र आंधळे. चीर भोवऱ्याच्या वाटेला आडवी हवी. पत्र्याचे पापुद्रे पृष्ठभागाला समांतर सुटले तर भोवरा त्यांच्यावरून सुखाने फिरत राहतो. लोखंडात चुंबकत्वाचीच गडबड इतकी की चिरेचा आवाज त्यात बुडतो, आणि भोवरा खोलही जात नाही. तेथे विशेष उपाय करावे लागतात, किंवा ध्वनिलहरींकडे वळावे लागते. बोइंग ७८७ विमानाचे तर वजनाने जवळपास निम्मे अंग कार्बनच्या धाग्यांच्या मिश्रणाचे आहे. तेथेही ध्वनिलहरींवरच अधिक भिस्त. पण त्याच विमानात धातूचे भाग पुष्कळ उरतातच, आणि प्रोब पुन्हा हातात येतो.

व्याख्यान संपल्यावर एका वयस्क गृहस्थांनी विचारले की आमच्या घराच्या स्लॅबला तडे गेले आहेत, तर हे यंत्र चालेल काय? तड्यांसाठी चालणार नाही, कारण काँक्रीटमध्ये भोवरा उठत नाही. पण स्लॅबच्या पोटातील लोखंडी सळई नेमकी कोठून गेली आहे आणि किती खोल आहे, हे सांगणारी उपकरणे याच तत्त्वावर चालतात, आणि दुरुस्तीसाठी भोक पाडण्यापूर्वी अभियंते ती वापरतात. गृहस्थ म्हणाले, म्हणजे सळई कोठे आहे ते कळेल, शाबूत आहे की नाही ते कळणार नाही. आम्ही होय म्हणालो. मग त्यांनी टेबलावरची चीर पाडलेली नळी उचलली आणि चुंबक तिच्यातून पुन्हा एकदा सोडून पाहिला.